दृष्टिहीन श्रोत्याचे गाणारे यंत्र : निवडीचा आढावा

कोहमाऱ्याच्या चौकात, मुंबईहून कलकत्त्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाला गोंदियाहून नवेगावबांधकडे उतरणारी वाट जिथे छेदते तिथे, चहापानाच्या ठेल्यांच्या ओळीत मोबाईल दुरुस्तीची जी छोटी दुकाने आहेत, त्यांपैकी एकाच्या फळीपाशी काही महिन्यांपूर्वी आमचे थोरले काका एक चपटे, गुळगुळीत, नवेकोरे यंत्र हातात घेऊन बराच वेळ काही न बोलता उभे होते. काचबिंदूने त्यांची दृष्टी जाऊन आता बारा वर्षे लोटली. परंतु भजनीमंडळात खंजिरी धरण्याचा आणि रात्री झोप लागेपर्यंत तुकडोजी महाराजांची भजने ऐकण्याचा त्यांचा नेम काही सुटलेला नाही. गाण्याचा जुना डबा कायमचा बिघडला म्हणून नवा घ्यावयास आम्ही गेलो होतो. दुकानदार अगदी सद्भावनेने म्हणाला, "घ्या काका, याची स्क्रीन मोठी आहे." काकांनी यंत्राची एक बाजू चाचपली, दुसरी चाचपली, कडांवरून अंगठा फिरविला, आणि ते माझ्याकडे परत देत एवढेच विचारले, "बटन कोनीकडं हाये गा याचं?"

या एका प्रश्नात प्रस्तुत विषयाची निम्मी कैफियत येऊन गेली. उरलेली निम्मी, यंत्र काय वाजवीत आहे हे त्या यंत्राने स्वतः सांगावे की नाही, आणि सांगावयाचे तर कोणत्या भाषेत, या बाबीशी निगडित आहे. डोळस माणूस गाणे लावतो तेव्हा तो प्रथम वाचतो आणि मग ऐकतो. अंध माणसाला मात्र, यंत्र मुके असेल तर, आपल्याला हवे ते गाणे येईपर्यंत नको असलेली सारी गाणी ऐकावी लागतात. (सरकारदरबारी आता 'दिव्यांग' हा शब्द रूढ झाला आहे, काका स्वतःला सरळ 'आंधळा' म्हणवितात, मी या लेखात अंध आणि दृष्टिहीन हे दोन शब्द वापरीत आहे, त्यात कोणाचा अधिक्षेप नाही.)

गंमत अशी की, आवाज साठविण्याच्या कलेचा जन्मच मुळी अंधांना गृहीत धरून झाला होता. एडिसनने आपल्या फोनोग्राफचे भावी उपयोग १८७८ साली एका नियतकालिकात लिहून प्रसिद्ध केले, तेव्हा त्या यादीत अंधांसाठी बोलणारी पुस्तके ही बाब अगदी वरच्या क्रमांकात होती. ती प्रत्यक्षात यावयास अर्धशतक जावे लागले. अमेरिकेत १९३४ साली आणि ब्रिटनमध्ये १९३५ साली, पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांची निकड पुढे ठेवून, तबकड्यांवरील बोलकी पुस्तके घरपोच जाऊ लागली. रेडिओ हा तर, त्याच्या निर्मात्यांच्या मनात तसे काही नसतानाही, अंधांचे सर्वांत सोयीचे यंत्र ठरला. एक खुंटी आवाजाची, एक खुंटी स्टेशनाची. खुंटी फिरविली की काटा कुठे आहे हे डोळ्यांनी पाहण्याची गरजच नव्हती, कारण आकाशवाणीचे नागपूर केंद्र लागले की ते आपले नाव आपण सांगत असे. कॅसेटचे यंत्रही तसेच होते. फिलिप्सने १९६३ साली कॅसेट बाजारात आणली, सोनीने १९७९ साली वॉकमन आणला, आणि त्याची बटणे कंबरेला लावलेल्या स्थितीत, न पाहता, अंगठ्याने दाबावयाची असल्यामुळे डोळस आणि अंध यांच्यात यंत्रापुरता काही भेद उरला नाही. कॅसेटची कोणती बाजू वर आहे एवढाच काय तो घोळ होई, आणि तोही एका बाजूला चिकटपट्टीचा तुकडा लावला की मिटे.

भेद उत्पन्न केला तो पडद्याने. एका यंत्रात दहा गाण्यांऐवजी हजार गाणी मावू लागली, त्यांतून निवड करण्यासाठी याद्या आल्या, याद्या दाखविण्यासाठी काच आली, आणि पुढे त्या काचेनेच बटणांनाही गिळून टाकले. ॲपलचे आयपॉड २००१ च्या ऑक्टोबरात जाहीर झाले. हाताला सुखद अशी त्याची चकती फिरविता येई, पण चकती फिरविल्यावर यादीत आपण कुठे आलो हे केवळ पडदा सांगे. त्याच कंपनीने २००९ च्या मार्चमध्ये आयपॉड शफलची जी तिसरी आवृत्ती काढली, तिची कथा सांगण्याजोगी आहे. बोटाच्या पेरांएवढ्या त्या यंत्राला पडदा नव्हताच. म्हणून गाण्याचे आणि गायकाचे नाव ते कानात बोलून सांगे. अंधांसाठी म्हणून नव्हे, तर पडद्याला जागा नाही म्हणून केलेली ही सोय अंधांना अनायासे लाभली; परंतु त्याच फटक्यात यंत्राच्या अंगावरची गाणी चालविण्याची सर्व बटणे काढून ती इअरफोनच्या तारेवर नेण्यात आली, त्यामुळे ती तार बिघडली की यंत्र निरुपयोगी. पुढच्याच वर्षी बटणे परत आली. तिसऱ्या आवृत्तीचे ते यंत्र चौदा भाषा बोले. त्यांत भारतातील एकही नव्हती. आता आयपॉडचे उत्पादनही बंद झाले आहे, शफलचे २०१७ साली आणि अखेरच्या आयपॉड टचचे २०२२ साली, तेव्हा जुन्या बाजारात कोणी ते दाखविले तर मोहात पडण्याचे कारण नाही.

कंपन्यांनी जे केले नाही ते हौशी मंडळींनी केले, याचा दाखला म्हणजे रॉकबॉक्स. २००१ पासून जगभरच्या काही आज्ञावलीकारांनी, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता, निरनिराळ्या कंपन्यांच्या गाण्याच्या यंत्रांत मूळची आज्ञावली बदलून घालता येईल अशी दुसरी आज्ञावली लिहिली, आणि तीत प्रत्येक यादी-उपयादीला बोलते केले. सॅनडिस्कची क्लिप आणि क्लिप प्लस ही जवळपास काडेपेटीएवढी लहान यंत्रे अशा रीतीने अंध श्रोत्यांत कमालीची प्रिय झाली. गाण्यांच्या नावांचे उच्चार संगणकावर आधीच तयार करून कार्डात ठेवावयाचे, ही त्यातील युक्ती मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण तीच युक्ती आपण पुढे कोहमाऱ्यात, अगदी गावठी स्वरूपात, वापरणार आहोत. दुर्दैवाने ती यंत्रेही आता नवी मिळत नाहीत.

खास अंधांसाठीच घडविलेल्या यंत्रांचा वर्ग निराळा. कॅनडातील ह्यूमनवेअर कंपनीचे व्हिक्टर रीडर स्ट्रीम हे २००७ च्या सुमारास आले आणि त्याची तिसरी पिढी आता चालू आहे; जपानच्या शिनानो केन्शीचे प्लेक्सटॉक हे त्याचेच भावंड. स्ट्रीमच्या अंगावर टेलिफोनसारखी अंकांची बटणे, मधल्या पाचावर उंचवटा, आणि प्रत्येक बटण दाबताच त्याचे काम बोलून सांगण्याची सोय आहे. या यंत्रांचा पाया डेझी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रमाणपद्धतीवर आहे. तिचा कारभार १९९६ साली स्थापन झालेला एक आंतरराष्ट्रीय संघ पाहतो. ध्वनिमुद्रित ग्रंथाला भाग, प्रकरण, उपप्रकरण अशा सहा पातळ्यांपर्यंत कप्पे पाडावयाचे, पृष्ठांक लावावयाचे, आणि ऐकणाऱ्याने 'पान १४२' असे अंक दाबताच तिथेच वाचन सुरू व्हावयाचे, ही तिची करामत. स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणाऱ्या अंध विद्यार्थ्याला या सोयीचे मोल काय आहे, हे पाठ्यपुस्तकातले एक कोष्टक शोधण्यासाठी तीन तासांचे ध्वनिमुद्रण पुढेमागे करीत बसलेल्या मुलालाच विचारावे. परंतु निव्वळ भजने आणि नाट्यगीते ऐकणाऱ्यासाठी तीनशे डॉलरांहून अधिक किमतीचे आयात यंत्र घेणे म्हणजे विहिरीवर रहाटाऐवजी जलविद्युत्केंद्र बसविणे होय. शिवाय ते बिघडले तर कोहमाऱ्यातच काय, गोंदियातही उघडून पाहणारा कोणी नाही.

या यंत्रांना खाद्य पुरविण्याची तजवीज मात्र आपल्याकडे पुष्कळ बरी झाली आहे. मुंबईस १९५२ साली स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडसारख्या संस्थांनी स्वयंसेवक वाचकांकरवी बोलकी पुस्तके तयार करविली. २०१२ च्या दुरुस्तीने प्रताधिकाराच्या कायद्यात अंधांसाठी प्रती काढण्यास मोकळीक मिळाली. अंधांसाठीच्या ग्रंथांचा माराकेश करार २०१३ साली झाला आणि त्याला मान्यता देणारे पहिले राष्ट्र भारत ठरले. आणि २०१६ च्या ऑगस्टात 'सुगम्य पुस्तकालय' हे ग्रंथालय सुरू झाले, ज्यातून नोंदणीकृत दृष्टिहीन वाचकाला पुस्तके उतरवून घेता येतात. बोलके पुस्तक जागाही फार खात नाही. वाचनाचा आवाज साध्या दर्जाने साठविला तर तासाला पंधराएक एमबी पुरतात. म्हणजे दहा तासांचा ग्रंथ तीसपस्तीस गाण्यांच्या जागेत बसतो.

आपल्या विदर्भात हा विषय लिहिताना गुलाबराव महाराजांचे स्मरण टाळणे अशक्य आहे. १८८१ साली जन्मलेल्या, वर्षाचे होण्यापूर्वीच दृष्टी गेलेल्या आणि अवघ्या चौतिसाव्या वर्षी देह ठेवलेल्या त्या प्रज्ञाचक्षू पुरुषाने शंभरावर ग्रंथ रचले, ते इतरांकडून वाचवून घेऊन आणि इतरांकडून लिहवून घेऊन. बालपणी फटाक्याच्या अपघाताने दृष्टी अधू झालेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय उघडले. अशा परंपरेच्या मुलखात एखाद्या अंध म्हाताऱ्याला हवे ते भजन लावण्यासाठी दरवेळी नातवाला हाक मारावी लागावी, हे यंत्रशास्त्राच्या प्रगतीचे लक्षण खचित नव्हे.

नातवाच्या हातातील यंत्राकडे, म्हणजे अँड्रॉइड फोनकडे, आता वळू. २००९ पासून या फोनांत टॉकबॅक नावाची सोय आहे. काचेवर बोट फिरविले की बोटाखाली काय आहे ते फोन बोलतो, आणि दोनदा टिचकी मारली की ते उघडतो. मराठी आवाज आता त्यात उपलब्ध आहे, आणि तो 'ज्ञानेश्वरी'चा उच्चार बऱ्यापैकी करतो. तरुण अंध मुलामुलींसाठी, विशेषतः ज्यांना एकाच यंत्रात गाणी, पुस्तके, पैसे आणि निरोप हवे आहेत त्यांच्यासाठी, माझ्या मते याहून योग्य निवड आज दुसरी नाही. घरातला जुना फोन सिमकार्ड काढून केवळ गाण्यासाठी ठेवला तर तोही चालतो. मात्र दोन हरकती ध्यानात ठेवाव्या. गाण्यांचे सर्वच ॲप बोलके नसतात. कित्येकांत टॉकबॅक प्रत्येक चिन्हावर केवळ 'बटन', 'बटन' असे म्हणत राहतो, तेव्हा ॲप ठेवण्यापूर्वी डोळे मिटून ते चालवून पाहावे. आणि साठीनंतर दृष्टी गेलेल्या, शेतीकामाने बोटे घट्टे पडून राठ झालेल्या माणसाला काचेवरची ती हलकी टिचकी जमत नाही. ती जमत नाही म्हणून त्याला मंद समजणे हा अन्याय आहे. तोंडी हुकूम देऊन गाणे लावण्याची सोय मराठीतही आहे, पण तिला इंटरनेट लागते, आणि नवेगावच्या जंगलाकडे वाट वळली की ते आपला निरोप घेते.

तेव्हा आमच्या काकांसारख्या श्रोत्यासाठी उरतो तो बाजारातील सर्वांत स्वस्त आणि विद्वज्जनांनी सर्वांत उपेक्षिलेला वर्ग : मेमरी कार्ड आणि पेनड्राइव्ह घेणारा, एफएम लागणारा, पाचसात बटणांचा स्पीकरवजा रेडिओ, अथवा तितकाच साधा, अंकांच्या बटणांचा फोन. सारेगामाने २०१७ साली पाच हजार गाणी भरून काढलेला कारवाँ हा यांचा श्रीमंत चुलता. त्याची फिरती चकती हाताला छान लागते, पण चकतीवर कोणता कलावंत आला त्याचे नाव छोट्या पडद्यावर उमटते, ते बोलले जात नाही, आणि गाणी कोणती हे कंपनीने आधीच ठरविलेले असते. साध्या डब्यात गाणी आपण ठरवितो. काकांना जी भजने हवीत, जी झाडीपट्टीच्या दंडारीतील आणि नाटकांतील गाणी हवीत, ती कोणत्याही कंपनीच्या डब्यात भरून येत नाहीत.

मात्र इथे यंत्राइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व आहे ते कार्ड भरणाऱ्या इसमाला. चौकातला पोरगा पन्नास रुपयांत 'भरून' देतो म्हणजे काय करतो, तर आपल्या संगणकातील एक अख्खा ढीग उचलून कार्डात ओततो. बत्तीस जीबीच्या कार्डात सहा हजारांच्या आसपास गाणी मावतात, त्यामुळे काकांच्या पहिल्या कार्डात अभंगानंतर लग्नाच्या डीजेचा ठेका आणि त्यानंतर कुठल्याशा निवडणुकीचे प्रचारगीत असा क्रम लागला होता. यावर उपाय करताना मला जे शिकावे लागले ते सांगतो. ही स्वस्त यंत्रे बहुधा गाण्यांची नावे वाचीतच नाहीत. कार्डावर ती ज्या क्रमाने उतरविली गेली त्या क्रमाने ती वाजवितात. म्हणून कार्ड प्रथम कोरे करावे, आणि हव्या त्या क्रमाने, एकेक कप्पा, सावकाश उतरवावा. जी यंत्रे नावे वाचतात त्यांच्यासाठी आकडे ००१, ००२ असे तीन अंकी द्यावे. नाहीतर दहावे गाणे दुसऱ्याच्या आधी येऊन बसते. बत्तीस जीबीहून मोठे कार्ड घेऊ नये. त्याची मांडणी वेगळी असते आणि जुन्या धाटणीचे डबे ते ओळखीतच नाहीत.

आणि आता रॉकबॉक्सची ती युक्ती. प्रत्येक कप्प्याच्या आरंभी एक पाच सेकंदांचे ध्वनिमुद्रण ठेवावे : 'येथून तुकडोजी महाराजांची भजने', 'येथून गौळणी', 'येथून नाटकाची गाणी'. आमच्या कार्डात हा आवाज काकांच्या नातीचा आहे. कप्पा बदलण्याचे बटण दाबले की ती बोलते, नको असेल तर काका पुढे दाबतात. असे नऊ कप्पे आहेत, आणि कोणताही कप्पा त्यांना पाऊण मिनिटाच्या आत सापडतो. चौदा परक्या भाषा बोलणाऱ्या त्या परदेशी यंत्राला जे साधले नाही ते फोनवर मुद्रित केलेल्या नऊ वाक्यांनी साधले, याचा मला थोडा अभिमान वाटतो, तो वाचकांनी क्षम्य मानावा.

दुकानात यंत्र हातात आल्यावर पाहावयाच्या बाबी किरकोळ दिसतात, पण रोजच्या वापरात सारे सुखदुःख त्यांतच असते. बटणे उंच आणि वेगवेगळ्या आकाराची आहेत काय. मधले बटण चाचपून ओळखता येते काय, नसल्यास नखरंगाचा एक जाड थेंब त्यावर सुकू द्यावा. यंत्र बंद झाले की नुसते गप्प बसले, हे कळण्यासाठी काही सूर निघतो काय. बंद करून पुन्हा चालू केल्यावर जिथे थांबले तिथूनच ते सुरू होते काय. तासाभराच्या कीर्तनाचा श्रोता या एका गुणापायी बाकी सारे दोष पोटात घालील. आवाज पूर्वीइतकाच राहतो की कानठळ्या बसवीत उठतो. चार्जिंगचे तोंड जुन्या पद्धतीचे असेल तर पिन एकाच बाजूने बसते, आणि अंध माणसाच्या हातून ती उलटी रेटली जाऊन तोंडच मोडते. टाइप-सी असेल तर पिन कशीही धरली तरी बसते, तेव्हा शंभर रुपये अधिक पडले तरी तेच घ्यावे. बॅटरी बदलता येणारी, त्यातही बीएल-५सी मापाची असेल तर उत्तम. ती सडक अर्जुनीच्या आठवडी बाजारातही मिळते.

इअरफोनविषयी एक गोष्ट आग्रहाने सांगितली पाहिजे. अंध माणूस रस्ता कानांनी ओलांडतो. आमच्या चौकातून रात्रंदिवस मालमोटारी धावतात. त्यांचा वेग आणि दिशा काकांना चाकांच्या आवाजावरून कळते. दोन्ही कान बुजविणारे, बाहेरचा आवाज तोडणारे महागडे इअरफोन अशा माणसाला भेट देणे म्हणजे त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधणे होय. एकाच कानात घालावा, अथवा गालाच्या हाडावरून ध्वनी पोचविणारे, कान मोकळे ठेवणारे घ्यावे. आणि रस्त्यावर तेही काढून ठेवावे.

पैशाची बाब राहिली. केंद्र सरकारच्या १९८१ पासूनच्या अडिप योजनेतून, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला जोडून अर्ज केल्यास, दृष्टिहीनांना डेझी यंत्र वा बोलका फोन मिळू शकतो. कानपूरच्या ॲलिम्को या सरकारी कारखान्यामार्फत तालुक्याच्या शिबिरांत त्याचे वाटप होते. याखेरीज ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावयाचे असतात. हा निधी पुष्कळ ठिकाणी सरसकट रोख वाटून संपतो, अथवा खर्चच होत नाही. एका कार्यालयात, त्याचे नाव इथे घेत नाही, मला असे ऐकविण्यात आले की गाणी ऐकण्याचे यंत्र ही चैन असून ती निधीच्या व्याख्येत बसत नाही. त्याच कार्यालयाच्या भिंतीवर त्या वेळी दूरचित्रवाणी संच चालू होता.

काकांनी त्या दिवशी मोठ्या पडद्याचे यंत्र परत केले आणि फळीच्या खालच्या खणात धूळ खात पडलेला सहा बटणांचा एक डबा, किंमत सहाशे रुपये, स्वतः चाचपून निवडला. विद्यार्थ्यासाठी मी डेझी यंत्राचा वा फोनाचा अर्ज भरीन, तरुणाला टॉकबॅक शिकवीन, आणि वृद्धाला हा डबा देईन. पण तिघांपैकी कोणासाठीही यंत्र घ्यावयाचे झाल्यास वाचकांनी त्याला सोबत दुकानात न्यावे, आणि दुकानदाराने खोके उघडले की यंत्र प्रथम त्याच्या हाती द्यावयास सांगावे.